वारं, बाहेरचं आणि उपचार

'अंगावरून वारं गेलं' असं मराठीत म्हटलं की माणसाची एक बाजू लुळी पडली आहे. 'अंगात वारं आलं' म्हटलं की त्याच्यात देव संचारला आहे. वारं वरून गेलं की आत आलं, एवढ्यावरून घरच्यांनी कुठे धावायचं ते ठरतं. तेलंगणात निर्मलच्या बाजूला, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या दक्षिण भागात, मराठी घरांना हे दोन्ही प्रयोग परके नाहीत. शेजारची तेलुगू बोलणारी आई आजारी मुलाबद्दल 'गाली सोकिंदी' म्हणते. गाली म्हणजे वारा, आणि सोकणं म्हणजे स्पर्श होऊन बाधणं. जोर द्यायचा असेल तर 'गाली-धूळी' असा जोडशब्द येतो. त्यातली धूळ मराठी कानाला ओळखीची आहे. दखनी बोलणारा दुकानदार 'हवा लगी', 'असर हुआ' म्हणतो. घरं तीन, भाषा तीन, आणि तिघांचंही दुखणं हवेतून आलेलं.

वाऱ्याचा आणि बिघडलेल्या मनाचा हा संबंध किती जुना आहे ते 'बावळा' या शब्दात दिसतं. संस्कृत 'वातुल' म्हणजे वात चढलेला, भ्रमिष्ट. प्राकृतात त्याचं 'वाउल' झालं, हिंदीत 'बावला', बंगालमध्ये 'बाउल' आणि मराठीत 'बावळा'. हिंदीत तो वेडाच राहिला. बंगालमध्ये तो देवासाठी वेडा झालेला, गात फिरणारा साधू झाला. आपण त्याला भोळसट ठरवलं, आणि 'बावळट' म्हणून हिणवलंही. 'पिसा' हा शब्द पिशाचाचा वंशज आहे. ज्याला पिशाच लागलं तो पिसा. पुढे संतांनी विठ्ठलाचं पिसं लावून घेतलं आणि शब्दातलं पिशाच निघून गेलं. तेलुगूत वेडाला 'पिच्ची' म्हणतात. पिसं आणि पिच्ची शेजारी शेजारी ऐकले की भावंडं वाटतात, पण पिच्ची हा तमिळ 'पिच्चु', 'पित्तु' यांच्या गोतावळ्यातला आहे. सीमेवरच्या गावात अशी फसवी नाती फार भेटतात, म्हणून तिथे शब्दांची कुळं तपासताना हात जरा आखडता ठेवावा लागतो.

वारा आणि मन यांची ही जोडी आपल्यापुरती नाही. इंग्रजीतल्या 'सायकॉलॉजी'मधली ग्रीक 'प्सुखे' मुळात फुंकर होती, श्वास होता. मग प्राण, मग आत्मा. कॅनडाच्या उत्तरेकडे राहणाऱ्या इनुइट लोकांच्या भाषेत 'अनिरनिक' म्हणजे श्वास आणि आत्माही. आपल्याकडे 'अन्' धातू श्वास घेण्याचा, त्यावरून प्राण, त्यावरून अनिल. अनिल आणि अनिरनिक यांचं हे साम्य निव्वळ योगायोगाचं आहे, त्यांचं मूळ एक नाही. समान आहे तो माणसाचा अनुभव: आत काहीतरी येतं-जातं, तोवर आपण आहोत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली आपल्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. तिच्या अखेरीस दुःख सांगण्याच्या देशोदेशींच्या पद्धतींची छोटी सूची आहे. तीत कंबोडियातले 'वाऱ्याचे झटके' आहेत, आणि झिंबाब्वेतल्या शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं, हा शब्दही आहे. झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं आणि नैराश्य या परक्या शब्दाऐवजी कुफुंगिसिसा या शब्दावर बोलणं सुरू केलं. त्या बाकावर बसलेल्या माणसाला आधी नवा शब्द शिकावा लागत नाही.

आदिवासी माणसाच्या मनावर उपचार करायचा तर तो कोणत्या शब्दांत, हा प्रश्न उत्तर ध्रुवाच्या परिसरात जसा विचारला जातो तसाच तो निर्मलमध्येही विचारायला हवा. निर्मल लोकांना माहीत आहे ते पोनिकीच्या हलक्या लाकडाच्या रंगीत खेळण्यांसाठी. गावाचं नाव निम्मा नायडू या सरदारावरून पडलं असं सांगतात. मराठी-संस्कृत कानाला मात्र त्यात निर्मळच ऐकू येतं. गावाच्या पश्चिमेला भैंसा, मुधोळ, बासर हा मराठी वहिवाटीचा पट्टा. उत्तरेला महबूब घाट चढून गेलं की पुढे इचोडा, इंद्रवेल्ली, उटनूर, आणि त्यांच्या आजूबाजूला गोंड व कोलाम वस्त्या. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य भाषेवर वाटलं गेलं तेव्हा याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठीच्या वाट्याला आले आणि बाकीचा जिल्हा तेलुगूच्या. 2016 साली निर्मल स्वतंत्र जिल्हा झाला. या सगळ्या वाटण्यांत गोंडीची आणि कोलामीची गणना कुठेच झाली नाही. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 29.8 लाख आणि कोलामी बोलणारे सुमारे 1.28 लाख आहेत, आणि दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीच्या बाहेर.

'बाहेर' या शब्दापाशी मला थांबायचं आहे. इनुइटांच्या भाषेत 'सिला' असा एक मोठा शब्द आहे. घराबाहेरचं जग, हवा, हवामान, आकाश हे सगळं सिला. आणि शहाणपणही सिला. शहाण्या माणसासाठीचा त्यांचा शब्द 'सिला असलेला' असा बनतो आणि मूर्खासाठीचा 'सिला नसलेला' असा. बर्फावर हवेचा अंदाज चुकला तर माणूस परत येत नाही. तिथे बाहेरचं कळणं हीच अक्कल. मराठीतलं 'बाहेरचं' मात्र भीतीच्या बाजूला उभं आहे. 'याला बाहेरचं काहीतरी आहे', 'एकदा बाहेरचं बघून घ्या', आणि आता कमी ऐकू येणारा जुना शब्द 'बाहेरवसा'. जे घरातलं नाही, कुळातलं नाही, गावकुसापलीकडे राहतं, ते आत शिरलं म्हणजे आजार. दवाखान्यातला डॉक्टर सांगतो, 'बाहेरचं वगैरे काही नसतं, हे सगळं तुमच्या मनातलं आहे.' त्याचा हेतू धीर देण्याचा असतो. पण मराठीत मन या शब्दावर संशयाचं ओझं आहे. मनचं सांगणं म्हणजे रचून सांगणं. मनाचे खेळ, मनाचे मांडे, मनाची समजूत, या सगळ्या प्रयोगांत मनात असलेलं ते खरं नसतं. त्यामुळे 'मनातलं आहे' हे वाक्य रोग्याच्या कानाला 'तू खोटं बोलतोस' असं लागतं, आणि तो उठून जातो. 'मानसोपचार' हा शब्द याच मनावर उभा केलेला आहे.

दुःख खरं आहे हे सांगायला मराठी माणूस मन वापरत नाही, जीव वापरतो. जीव घाबरा होतो, जिवाची घालमेल होते, जीव थाऱ्यावर नसतो, टांगणीला लागतो, एखाद्या गोष्टीवरून उडून जातो. गोष्ट जिवाला लागली म्हटल्यावर 'खरंच का' असं कुणी विचारत नाही. आणि हाच शब्द आदिलाबादच्या गोंडांकडेही आहे. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ 1940 च्या दशकात मारलवाई या गोंड गावात राहिले. त्यांनी लिहून ठेवलं आहे की गोंड माणसाच्या ठायी दोन गोष्टी मानतात. एक 'जीव', जो भगवानाकडून येतो. दुसरा 'सनाल'. गोंडीत मरणाच्या धातूवरून हा शब्द आला. मेलेल्या माणसाचं जे व्यक्तित्व मागे उरतं ते सनाल. जीव आणि भगवान हे शब्द आपल्या बाजूने त्यांच्याकडे गेले. सनाल त्यांचा स्वतःचा. तो रीतसर कार्य होऊन कुळाच्या 'पेर्सा पेन'मध्ये, थोरल्या देवात, मिळायला हवा. ते कार्य पैशाअभावी राहून गेलं असेल तर त्या घरातल्या माणसाची झोप का उडाली हे कळायला 'सनाल कुठे आहे' असं विचारावं लागेल. नैराश्याच्या प्रश्नावलीत हा प्रश्न नसतो.

या कार्यात परधान लागतो. गोंडांचा हा वंशपरंपरेचा भाट, किंगरी वाजवून कुळाची कथा गातो. परधान हे नाव संस्कृत 'प्रधान'वरून आलं. हायमेनडॉर्फ यांची आणखी एक नोंद मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे: आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी आणि गाण्याची भाषा गोंडी. गोंडांची सगळी स्मृती ज्यांच्या गळ्यात आहे ती माणसं घरी मराठीत बोलत होती. केसलापूरच्या नागोबाच्या यात्रेत, पौष अमावास्येला, मेसराम कुळातल्या नव्या सुनांना देवासमोर नेऊन कुळात घेण्याचा विधी होतो. त्याला 'भेटी कोरियाड' म्हणतात. कोरियाड म्हणजे सून, हा गोंडी शब्द. भेटी आपली. परक्या घरून आलेल्या मुलीची देवाशी भेट घातली जाते आणि मग ती परकी राहत नाही. एकटेपणावर इतकी थेट तजवीज मी फार थोड्या समाजांत पाहिली आहे.

नावांचं परकेपणही याच चर्चेतलं आहे. गोंड स्वतःला 'कोइतूर' म्हणतात, म्हणजे माणसं. 'गोंड' हे दुसऱ्यांनी दिलेलं नाव. ते तेलुगू 'कोंडा', म्हणजे डोंगर, यावरून आलं असावं असा तर्क एकोणिसाव्या शतकापासून केला जातो. तो सर्वांना पटलेला नाही. 'इनुइट'चाही अर्थ माणसं असाच होतो, एकवचन इनुक. 'एस्किमो' हे शेजाऱ्यांनी दिलेलं नाव. कच्चं मांस खाणारे असा त्याचा अर्थ फार दिवस सांगितला जात होता. भाषाशास्त्रज्ञ आता बर्फावर चालायचे जाळीदार जोडे विणणारे या अर्थाच्या शब्दाकडे बोट दाखवतात. कोलामांना तेलुगूत 'मन्नेवारलु' म्हणत, डोंगर-रानातले लोक. गोंड मात्र त्यांना पुजारी मानत आले, कारण त्या भूमीच्या देवांशी कोलामांची ओळख अधिक जुनी. गोंडाला गावाच्या देवाची भीती वाटली की तो कोलामाकडे जाई. आदिवासींमध्येही एकमेकांकडे पाठवण्याची रीत होती, आणि ती नीट ठरलेली होती.

परक्याने दिलेल्या शब्दाने काय होतं याचं सर्वांत ठळक उदाहरण उत्तर ग्रीनलंडमधलं आहे. उत्तर ध्रुवाच्या शोधात निघालेल्या रॉबर्ट पिअरीच्या मोहिमांच्या काळात तिथल्या इनुइट बायका अचानक ओरडत, कपडे फाडत, बर्फावर पळत सुटतात अशा हकिगती लिहिल्या गेल्या. त्याला 'पिब्लोक्टोक' नाव मिळालं. 1913 साली ए. ए. ब्रिल या फ्रॉइडच्या अनुयायाने त्यावर लेख लिहून तो उन्मादाचा प्रकार ठरवला. तिथे स्वतः न जाता, मोहिमेवरून परतलेल्यांच्या सांगण्यावरून. पुढे हा शब्द पाठ्यपुस्तकांत गेला आणि अमेरिकन निदान-पुस्तिकेच्या 1994 च्या आवृत्तीतही बसला. 1995 साली लाइल डिक या कॅनेडियन इतिहासकाराने मूळ नोंदी एकेक करून तपासल्या. जवळजवळ सगळ्या पिअरीच्या गोटातल्या. आणि त्या एका शब्दाखाली कितीतरी गोष्टी कोंबलेल्या: मोहिमेवर गेलेल्या माणसांची काळजी, अंगात येण्याचे विधी, आणि गोऱ्या पुरुषांची जबरदस्ती झाल्यावर बाईने केलेला प्रतिकार. जे अन्यायावरचं उत्तर होतं ते त्या लोकांचा स्वभावरोग म्हणून ऐंशी वर्षं छापलं गेलं. मला ही हकिगत वाचून फार संताप येतो, आणि तो यावा.

आपल्याकडचा असा शब्द 'भानामती'. मूळ भानुमती, सूर्यासारखी तेजस्वी. लोककथेत ही जादू जाणणारी राणी. हिंदीत ती 'भानमती' होऊन पिटारा घेऊन खेळ करते. मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या सीमेवर तिचा खेळ उरला नाही, नुसती दहशत उरली: अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, कपडे आपोआप पेटतात, बायका कुत्र्यासारख्या भुंकतात. तेलंगणात 'भ'चा 'ब' आणि 'न'चा 'ण' होऊन 'बाणामती' झाली, आणि ऐकणाऱ्याला त्यात कुणीतरी मारलेला बाण दिसू लागला. मूळ शब्दात बाण नाही, पण लोकांनी जो अर्थ त्यात घातला तोच आज खरा चालतो. भारतीय मनोविकारशास्त्राच्या लेखांत भानामती 'संस्कृतिबद्ध विकार' म्हणून यादीत येते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत करणीबरोबर तिचंही नाव आहे. वैद्यकाने तिला रोग केलं, कायद्याने गुन्ह्याचा बहाणा.

पिब्लोक्टोक आणि भानामती यांत एक फरक आहे, आणि तो नजरेआड करणं धोक्याचं. पिब्लोक्टोक हा शब्द परक्यांनी चिकटवला. भानामती आपण एकमेकांवर चिकटवतो. 'मला वारं लागलं' यात दुखणाऱ्या माणसाशिवाय कुणी नाही. 'मला भानामती केली' यात करणारा कोणीतरी लागतो, आणि तो बहुधा शेजारची विधवा, धाकटी जाऊ किंवा दुसऱ्या जातीचा म्हातारा असतो. दुखणं सांगणारा शब्द वैद्याने उचलून घ्यावा. आरोप करणारा शब्द त्याने उचलता कामा नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भानामतीच्या प्रकरणांत गावोगाव जाऊन जे काम केलं त्यात हाच विवेक होता. फुल्या कशा उठतात ते दाखवून द्यायचं, पण ज्या सुनेच्या हातून ते घडत होतं तिला चव्हाट्यावर आणायचं नाही. तिच्या कोंडीवर वाट काढायची. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. संस्कृतीचा मान राखा असं म्हणताना ज्यांना ती संस्कृती चटके देते त्यांना विसरायचं नाही, हे त्या कामातून शिकण्यासारखं आहे.

मराठी भाषेने स्वतःच हा विवेक काही अंशी जपला आहे, तो क्रियापदांत. देव अंगात 'येतो'. भूत 'लागतं', 'धरतं', 'झपाटतं'. 'लागीर' हे नामही लागण्यातून आलं. तेलुगूतही देवाच्या संचाराला 'पूनकम' असा वेगळा शब्द आहे. तो 'पूनु' या धातूवरून, म्हणजे अंगावर घेणं, जुंपून घेणं. भुताला मात्र 'पट्टडम', धरणं. इंग्रजी 'पझेशन' या सगळ्यावर एकच ठसा मारतं आणि तो मालकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणानेही हे मान्य केलं: अंगात येणं नको असताना आणि समाजाच्या मान्य विधीबाहेर घडलं तरच तो विकार. म्हणजे जे लागतं ते आजार, जे येतं ते नव्हे. हे आपल्या गावच्या बायकांना क्रियापदावरून आधीच माहीत होतं. गोंडांचा देव बोलवणारा तो 'भक्ताल'. संस्कृत भक्त, मराठी भगत आणि गोंडी भक्ताल हे एकाच घरातले. शहरी मराठीत मात्र भगत म्हटलं की भोंदू डोळ्यांसमोर येतो. भोंदू आहेतच. पण सणाच्या दिवशी सगळ्या गावासमोर, कुणाकडून पैसा न घेता, ज्याच्यात देव येतो तो आणि शहरात गंडेदोरे विकणारा बाबा यांना एकाच शब्दात कोंबणं म्हणजे ब्रिलचीच चूक पुन्हा करणं.

आता 'आघात'. 'ट्रॉमा' हा ग्रीक शब्द, अर्थ जखम. मराठीत त्याला आघात हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. आघात म्हणजे प्रहार. प्रहार होऊन जातो, जखम राहते; आणि उपचार करायचा तो राहिलेल्यावर. आपल्याकडे याहून चांगला शब्द होता, 'घाव'. तोही 'घात'वरूनच आला, पण त्यात दोन्ही अर्थ टिकले. घाव घालतात आणि घाव भरून येतो. एका पिढीला बसलेला घाव पुढच्या पिढ्यांत न भरता राहतो, असं मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट या लाकोटा समाजातल्या विदुषीने आपल्या लोकांबद्दल मांडलं. इनुइटांबाबत बोलताना 1953 मध्ये कॅनडा सरकारने काही कुटुंबांना त्यांच्या मुलखातून उचलून दूर उत्तरेच्या ओसाड बेटांवर नेऊन टाकलं त्याची आठवण काढावी लागते. निवासी शाळांत मुलांच्या तोंडून काढून घेतलेल्या भाषेचीही. सरकारने 2008 मध्ये शाळांबद्दल आणि 2010 मध्ये त्या स्थलांतराबद्दल माफी मागितली.

निर्मलकडे असा घाव गावातच आहे. 1857 च्या उठावानंतर रामजी गोंड आणि त्यांच्या साथीदारांना इथे एका वडावर फासावर चढवलं. लोक त्या झाडाला 'वेय्यि उरुल मर्री' म्हणत आले. मर्री म्हणजे वड, उरी म्हणजे फास; हजार फासांचा वड. हजार हा आकडा मोजणीचा नसेलही, घाव किती मोठा वाटला त्याचा आहे. झाड पुढे पडलं, नाव राहिलं. 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचे नेते कुमरम भीम मारले गेले. 20 एप्रिल 1981 ला इंद्रवेल्लीत जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. ज्याच्या आजोबांनी जमीन गमावली आणि काकांनी गोळी खाल्ली त्या माणसाला 'तुमचं बालपण कसं होतं' एवढंच विचारून भागेल का?

'उपचार' या शब्दाकडे मी शेवटी आलो, कारण त्यात मला सर्वांत जास्त आशा दिसते. उप म्हणजे जवळ, चर् म्हणजे चालणं. उपचार म्हणजे जवळ जाणं, हवं-नको बघणं. देव घरी पाहुणा आला असं समजून त्याला आसन द्यायचं, पाय धुवायला पाणी द्यायचं, ते षोडशोपचार. राजाची सरबराई तो उपचार, आजाऱ्याची शुश्रूषा तोही उपचार. शुश्रूषेचा मूळ अर्थ तर ऐकण्याची इच्छा, श्रवणाच्या 'श्रु' धातूवरून. ग्रीकमधल्या 'थेरापेइया'चा प्रवास असाच आहे: आधी देवाची आणि थोरांची सेवा, मग रोग्याची. गोंड चळवळीतली माणसं आज भेटल्यावर 'जय सेवा' म्हणतात तेव्हा थेरपीचा जुना अर्थच उच्चारत असतात. आपल्याकडे उपचाराचं 'औपचारिक' झालं आणि शब्दातली ऊब गेली. त्याहून मोठं नुकसान 'समुपदेशन' या नव्या शब्दाने केलं. कौन्सेलिंगसाठी तो घडवला गेला आणि त्याच्या मधोमध उपदेश बसला. गोंड-कोलाम माणसाला शंभर-दीडशे वर्षं जंगलखात्याने, महसुलाने, मास्तराने आणि पुढाऱ्याने उपदेशच केला आहे. आणखी एक उपदेशक, तोही 'सम्' लावून, त्याला कशाला हवा?

जवळ जाणं म्हणजे काय याचं मराठी मुलखातलं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या आपल्या संस्थेचा दवाखाना उभारताना गोंड गावकऱ्यांना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरं शब्दशः घेण्यासारखी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. नातेवाइकांना हाकलून देतात. आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही पांढऱ्यात मेलेल्याला गुंडाळतो. मग दवाखाना गोंड वस्तीसारख्या झोपड्यांचा झाला, नातेवाइकांना राहायला जागा झाली, आणि त्याला नाव मिळालं दंतेश्वरीचं. ती त्यांची देवी. तिथले उपचार आधुनिक वैद्यकाचेच आहेत. दारावरचं नाव मात्र येणाऱ्याच्या घरचं आहे.

निर्मलला 15 सप्टेंबर 2023 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आदिलाबादला त्याआधीपासून आहे. तिथे शिकणारी बहुतेक मुलं तेलुगूत किंवा उर्दूत विचार करतात, आणि घाट उतरून येणारा माणूस गोंडीत, कोलामीत, मोडक्या मराठीत. या मुलांच्या हाती एक शब्दसंग्रह हवा: गाली, असर, वारं, बाहेरचं, जीव, सनाल, कोणता शब्द कोणत्या घरात कशासाठी, कोणत्या क्रियापदासह, आणि कोणत्या शब्दामागे शेजाऱ्यावरचा आरोप दडलेला असू शकतो. याची सुरुवात एका मराठी माणसाने केव्हाच करून ठेवली आहे. सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी असताना आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिले, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, आणि गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली. मारलवाईच्या शाळेसाठी गोंडी वाचनमाला तयार झाली तीही देवनागरीत, कारण त्या मुलखात मराठी अक्षर ओळखीचं होतं. गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी 2018 पासून संगणकावरही आली आहे. संग्रह देवनागरी, तेलुगू आणि गोंडी अशा तिन्ही लिप्यांत छापता येईल. शब्द गोळा करायला परधान आणि कोलाम पुजारी यांना बसवावं, त्यांच्या नावानिशी, आणि महाविद्यालयातल्या व्याख्यात्याला जो मेहनताना मिळतो तोच त्यांना द्यावा.